विमानांचं जाळं आणि मालवाहू जहाजांचं जाळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘जाळं’ म्हणजे नेमकं काय?

विमानतळ किंवा बंदर ही एक गाठ. एका गाठीहून दुसऱ्या गाठीला थेट विमान किंवा जहाज जात असेल, तर मधला धागा. एवढंच. धाग्याला वजनही देता येतं: वर्षाला किती फेऱ्या, किती आसनं, किती कंटेनर. नकाशावर रेघा काढल्या की दोन्ही जाळी सारखीच दिसतात, कारण दोन्हींत थोड्या गाठींना शेकडो धागे आणि बाकीच्यांना चार-दोन. पण रेघ सारखी दिसली म्हणून तिच्यावरून जाणारी गोष्ट सारखी होत नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका मुद्द्यावर येऊन थांबतात.

दोन्ही जाळी केवढी आहेत?

हवाई जाळ्याचा सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा अभ्यास २००५ सालचा. गिमेरा, अमराल आणि सहकाऱ्यांनी ३,८८३ शहरं आणि त्यांच्यातल्या २७,०५१ थेट जोड्या घेतल्या. कोणत्याही शहरातून कोणत्याही शहरात जायला सरासरी ४.४ उड्डाणं लागतात, असं त्यातून निघालं. सर्वांत लांबची जोडी होती फॉकलंड बेटांवरचं माउंट प्लेझंट आणि पापुआ न्यू गिनीतलं वासू. त्यांच्यात १५ उड्डाणं.

जहाजांचा तसाच अभ्यास २०१० मध्ये आला. कालुझा, ब्लासियस आणि सहकाऱ्यांनी २००७ या एका वर्षातली १६,३६३ मालवाहू जहाजं आणि ९५१ बंदरं धरली. एकदिशा धागे निघाले ३६,३५१. सरासरी टप्पे अडीच, जास्तीत जास्त आठ.

२.५ विरुद्ध ४.४. म्हणजे समुद्रमार्गे जग जास्त जवळ आहे?

नाही. हा निष्कर्ष फार वेळा काढला जातो आणि तो चुकीचा आहे.

पहिलं कारण, गाळणी वेगळी. जहाजांच्या अभ्यासात १०,००० ग्रॉस टनेजपेक्षा (जहाजाच्या आतल्या जागेचं माप) मोठीच जहाजं घेतली होती. त्यामुळे लहान किनारी जहाजं आणि ती जिथे लागतात ती छोटी बंदरं आपोआप गळाली. हवाई अभ्यासात मात्र अलास्कातली आणि पापुआ न्यू गिनीतली, आठवड्यातून एखादं छोटं विमान उतरणारी गावंही होती. सरासरी वाढवतात ती हीच टोकाची गावं. दोन्हीकडे एकाच मापाची गाळणी लावली तर अंतर बरंच कमी होईल.

दुसरं कारण, धागे मोजण्याची रीत. जहाजांचा ‘प्रत्येक बंदराला सरासरी ७६.५ धागे’ हा आकडा येणारे आणि जाणारे मिळून आहे. हवाई बाजूला एका जोडीचा एकच धागा धरला, म्हणून सरासरी १४ च्या आसपास येते. जाणारेच धागे मोजले तर जहाजांचा आकडा ३८ वर येतो. तरीही तो हवाईपेक्षा मोठा आहे, पण पाचपट नाही.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं. वर्षभरात एखादं जहाज एकदाच ‘अ’ बंदरातून ‘ब’ बंदरात गेलं, तरी धागा तयार होतो. तुमचा कंटेनर त्या धाग्यावरून जाऊ शकेल याची काहीच हमी नाही. ते जहाज कोळशाचं असेल, आणि पुन्हा कधी त्या वाटेला जाणारही नाही. हवाई वेळापत्रकातला धागा मात्र बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यातही असतो आणि त्यावर तिकीट विकत मिळतं.

विमान जातं आणि परत येतं. जहाजाचं तसं नसतं का?

मुंबई–दुबई विमान असेल तर दुबई–मुंबईही असतं, आणि आसनंही जवळजवळ तेवढीच. माणूस जातो तो बहुधा परत येतो. विमानालाही रात्री आपल्या तळावर जायचं असतं. म्हणून हवाई जाळं जवळपास दोन्ही दिशांना सारखं.

जहाज वर्तुळात फिरतं. समजा, शांघाय, निंगबो, सिंगापूर, मग सुएझमार्गे रॉटरडॅम, हॅम्बुर्ग, अँटवर्प आणि परतीला पोर्ट क्लँगमार्गे शांघाय. यात हॅम्बुर्ग ते अँटवर्प धागा आहे, अँटवर्प ते हॅम्बुर्ग नाही. २००७ च्या त्या माहितीत जोडलेल्या बंदरांपैकी ५९ टक्के जोड्या एकाच दिशेने जोडलेल्या होत्या.

व्यवहारात याचा अर्थ असा की आयातीला लागणारे दिवस आणि निर्यातीला लागणारे दिवस एकाच सेवेवर वेगळे असतात. तुमचं बंदर वर्तुळात कुठे येतं यावर ते ठरतं. शिपिंग लाइनला विचारताना ‘किती दिवस’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आमच्यानंतर किती बंदरं घेऊन तिथे पोचणार’ हे विचारावं.

एका साप्ताहिक सेवेला किती जहाजं लागतात?

हिशेब सोपा आहे आणि तो पाठ असावा. पूर्ण वर्तुळाला लागणारे दिवस भागिले सात. वर्तुळ ८४ दिवसांचं असेल तर १२ जहाजं. मग प्रत्येक बंदरावर दर आठवड्याला त्याच वारी एक जहाज लागतं. वर्तुळ ९८ दिवसांवर गेलं की त्याच सेवेला १४ जहाजं हवीत. माल तेवढाच, फेऱ्या तेवढ्याच, बंदरं तीच, पण दोन मोठी जहाजं जास्त. ती मिळाली नाहीत तर एखाद्या आठवड्याची फेरी रद्द होते. तिलाच धंद्यात ‘ब्लँक सेलिंग’ म्हणतात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, वर्तुळं लांबली. त्यानंतर भाडी वाढण्यामागे हा साधा भागाकार होता. नकाशावरचे धागे जवळजवळ तेच राहिले होते.

सगळी मालवाहू जहाजं एकाच जाळ्यात धरावीत का?

शक्यतो धरू नयेत. तीन निराळी जाळी एकमेकांवर ठेवलेली आहेत असं समजा.

कंटेनर जहाजं बससारखी: ठरलेली बंदरं, ठरलेला वार. सुटा माल, म्हणजे कोळसा, खनिज, धान्य नेणारी बल्क जहाजं ट्रकसारखी: जिथे भाडं मिळेल तिकडे. तेलवाहू टँकरही बरेचसे तसेच. २००७ च्या आकड्यांत कंटेनर जहाजांच्या एका धाग्यावरून वर्षाला सरासरी २४ फेऱ्या होत्या, तर बल्क आणि टँकरच्या धाग्यांवरून पाचच्या आसपास. म्हणजे बल्कचे बरेचसे धागे त्या वर्षापुरते, कधी त्या सौद्यापुरते.

गोव्याचं उदाहरण घ्या. मांडवी आणि झुआरीतून बार्जेस खनिज घेऊन मुरगावला यायच्या आणि तिथून मोठी जहाजं बहुतांशी चीनला जायची. २०१२ मध्ये खाणकाम बंद झालं आणि ते धागे पाहता पाहता विरले. बंदर होतं तिथेच होतं, धक्काही होता, पाण्याची खोलीही होती. माल नव्हता म्हणून धागा नव्हता. नदीकाठी बार्जेस नुसत्या बांधून पडल्या आणि त्यांच्यावर पोट असलेल्या कुटुंबांचे हाल झाले. हवाई जाळ्यात एखाद्या शहराचे इतके धागे एका निर्णयाने तुटणं विरळा, कारण प्रवासी अनेक कारणांनी येतात. बल्क बंदर एकाच मालावर जगू शकतं आणि त्याच मालाबरोबर आटूही शकतं.

हब दोन्हीकडे असतात. मग फरक कशात?

हब म्हणजे जिथे प्रवासी किंवा माल एका विमानातून-जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतो ते केंद्र. तो का बनतो, यात फरक आहे.

हवाई हब बऱ्याच अंशी कायद्यातून आला. १९४४ च्या शिकागो करारापासून कोणत्या देशाच्या विमान कंपनीने कुठून कुठे प्रवासी न्यायचे, हे सरकारं आपसांत ठरवतात. दुबईची कंपनी मुंबईहून लंडनला थेट प्रवासी नेऊ शकत नाही, पण मुंबई–दुबई आणि दुबई–लंडन ही दोन हक्काची उड्डाणं जोडून तेच काम करू शकते. दुबई, दोहा, इस्तंबूल यांचं बरंच यश या जोडकामात आहे. अमेरिकेत १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरचे निर्बंध उठल्यावर कंपन्यांनी आपापले हब घट्ट केले. अटलांटा त्यातलंच.

बंदराचा हब पाण्याच्या खोलीतून आणि वाटेवर असण्यातून बनतो. चोवीस हजार टीईयूच्या जहाजाला सुमारे १६ मीटर पाणी लागतं (टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप). असं जहाज जितकी कमी बंदरं घेईल तितकं परवडतं. म्हणून सिंगापूर, तांजुंग पेलेपास, कोलंबो, सलालाह, टँजर मेड अशी मुख्य वाटेपासून फारशी न वळता लागणारी बंदरं पुढे आली. तिथे मोठ्या ‘मदर’ जहाजातून माल उतरतो आणि लहान ‘फीडर’ जहाजांनी आजूबाजूला जातो.

जोडणीच्या वेळेतही जमीन-अस्मानाचा फरक. विमानतळावर किमान जोडवेळ पाऊण तासापासून दोन तासांपर्यंत. बंदरात कंटेनर तीन दिवस ते दहा दिवस पडून राहतो, आणि पुढचं जहाज भरलेलं असेल तर त्याच्याही पुढच्या आठवड्यावर जातो. याला ‘रोलओव्हर’ म्हणतात. प्रवाशाचं विमान चुकलं तर तो काउंटरवर जाऊन भांडतो. कंटेनर गप्प पडून राहतो आणि मालकाला बहुधा उशिरा कळतं.

जहाज कंपन्या आता विमान कंपन्यांसारखं जाळं विणू लागल्या आहेत, हे खरं का?

काही अंशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये मर्स्क आणि हापाग-लॉइड यांची ‘जेमिनी’ ही भागीदारी सुरू झाली. त्यांची मांडणी थेट हब-आणि-आरे पद्धतीची आहे: मुख्य सेवेला मोजकी बंदरं, आणि बाकीची बंदरं कंपनीच्याच शटल जहाजांनी जोडलेली. ९० टक्क्यांहून जास्त जहाजं वेळेवर, असं त्यांनी लक्ष्य जाहीर केलं. तर्क पटण्यासारखा आहे. वर्तुळात बारा बंदरं असली की एका बंदरातला उशीर पुढच्या अकरांना भोवतो. पाच असली की कमी ठिकाणी भोवतो. बदल्यात माल जास्त वेळा चढवावा-उतरवावा लागतो, आणि हबच अडला तर सगळ्या शटल अडतात. एमएससीने उलटा मार्ग धरला आहे. ती सर्वांत मोठी कंपनी आहे आणि जास्तीत जास्त बंदरांना थेट जहाज देण्यावर भर देते.

ज्या ठिकाणाला सर्वांत जास्त धागे, तेच सर्वांत महत्त्वाचं का?

इथे अँकरेज आठवावं. अलास्कातलं हे शहर धाग्यांच्या संख्येत पहिल्या रांगेत नाही. पण ‘बिटवीननेस’ नावाचं दुसरं माप आहे: जगातल्या सर्व जोड्यांच्या सर्वांत छोट्या वाटा काढायच्या आणि त्यातल्या किती या गाठीतून जातात ते मोजायचं. त्या मापाने २००५ च्या अभ्यासात अँकरेज थेट वरच्या ओळीत आलं. अलास्कातली असंख्य छोटी विमानतळं एकमेकांना आणि अँकरेजला जोडलेली, पण बाहेरच्या जगाला जवळजवळ अँकरेजमधूनच. दार एकच, मागे खोल्या पुष्कळ.

आज तेच शहर आशिया–अमेरिका मालवाहू विमानांचा इंधनथांबा म्हणूनही मोठं आहे. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये. इंधनथांब्यामुळे येणारी विमानं धाग्याचं वजन वाढवतात, आणि बिटवीननेस मुळात वाढला होता तो त्या छोट्या गावांमुळे.

सुएझ, पनामा, मलाक्का या जाळ्यात कुठे दिसतात?

नुसती बंदरं जोडून नकाशा काढला तर दिसतच नाहीत, आणि सागरी जाळ्याच्या अभ्यासातली सर्वांत मोठी उणीव हीच आहे. सिंगापूर–रॉटरडॅम हा एक सरळ धागा दिसतो. प्रत्यक्षात तो मलाक्का, बाब-अल-मंदेब आणि सुएझ या तीन अरुंद दारांतून जातो. तीच दारं शेकडो इतर धाग्यांचीही आहेत. म्हणून काही अभ्यासक सुएझ आणि पनामा कालव्यांना स्वतंत्र गाठी धरतात. तसं केलं की दोघेही यादीच्या अगदी वर येतात.

हवेत अशी दारं कमी, पण अजिबात नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियोचा साधारण नऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद आहे, त्यामुळे उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणारी उड्डाणं लांबली. दोन्ही वेळा बहुतेक धागे टिकले. किंमत मोजावी लागली ती तासांत आणि इंधनात.

एव्हर गिव्हन आणि आइसलँडचा ज्वालामुखी: कोणता धक्का मोठा होता?

दोन्ही जवळजवळ तेवढ्याच दिवसांचे होते, म्हणून तुलना उद्बोधक आहे.

१४ एप्रिल २०१० ला एयाफ्यात्लायोकुत्ल हा ज्वालामुखी जोरात उसळला. राखेमुळे युरोपातलं बरंचसं आकाश सुमारे सहा दिवस बंद राहिलं. जवळपास एक लाख उड्डाणं रद्द झाली, केनियातली फुलं युरोपला पोचू न शकल्याने वाया गेली. आकाश उघडल्यावर मात्र अडकलेल्या प्रवाशांची सुटका होऊन व्यवहार सुरळीत व्हायला दिवसच लागले, महिने नाहीत. आसनं नाशवंत असतात. गेलेलं उड्डाण गेलं, दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक नव्याने सुरू होतं.

२३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्याच्या दक्षिण भागात आडवं अडकलं. २०१५ मध्ये कालव्याला समांतर वाट काढली होती, पण ती मधल्या भागात. जहाज अडकलं तिथे एकच वाट होती. २९ मार्चला ते निघालं तोवर चारशेच्या आसपास जहाजं खोळंबली होती. गंमत नव्हे, खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. थांबलेली जहाजं एकदम सुटली आणि युरोपच्या बंदरांवर घोळक्याने पोचली. जहाजं लावायला धक्के अपुरे पडले, रिकामे कंटेनर आशियात वेळेवर परतले नाहीत, आणि परिणाम कित्येक आठवडे चालला. समुद्रातली रांग रद्द होत नाही. पुढे सरकते.

आफ्रिकेला वळसा घातला तर नेमका किती वेळ जास्त?

नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे हा प्रश्न नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांपर्यंत पोचला. हिशेब असा. मुंबई–लंडन सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल, केप ऑफ गुड होपमार्गे सुमारे १०,७००. फरक ४,४००. जहाज १६ नॉटने (ताशी १६ सागरी मैल) चाललं तर दिवसाला ३८४ मैल, म्हणजे साडेअकरा दिवस जास्त.

वेग वाढवून हे भरून काढता येत नाही का? थोडंच. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते. १६ वरून २० नॉटवर गेलं की ताशी इंधन जवळपास दुप्पट आणि दर मैलाला दीडपटीहून थोडं जास्त.

द्राक्षाला हे अकरा दिवस फार जड जातात. तोडणीनंतर लगेच प्रीकूलिंग, रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास तापमान, पेटीत फळ सडू नये म्हणून ग्रेप गार्डचा कागद. हे सगळं जमलं तरी देठ वाळत जातो आणि दुकानात फळ टिकण्याचे दिवस त्याच हिशेबात कमी होतात. म्हणून बुकिंग करताना हे विचारून घ्यावं:

- सेवा थेट आहे की मध्ये माल बदलणार? बदलणार असेल तर कोणत्या बंदरात, आणि पुढच्या जहाजाचं नाव व तारीख काय?
- त्या बंदरात रीफरला विजेचा प्लग नक्की मिळणार का, आणि तापमानाची नोंद आपल्याला दिसणार का?
- गेट उघडण्याची आणि कट-ऑफची, म्हणजे कंटेनर घेणं बंद होण्याची, वेळ काय? जहाज उशिरा आलं तर ती बदलली का, हे कंटेनर नाशिकहून निघण्याआधी तपासावं. उरणच्या रस्त्यावर रीफर उभा ठेवणं म्हणजे डिझेल आणि फळ दोन्ही जाळणं.

न्हावा शेवा आणि मुंबई या जाळ्यांत कुठे बसतात?

१९८९ मध्ये सुरू झालेलं न्हावा शेवा, म्हणजे जेएनपीए, हे देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. ते मुख्यतः ‘दारचं’ बंदर आहे: इथला माल इथल्याच मुलखात येतो-जातो. कोलंबोसारखं माल बदलण्याचं बंदर ते नाही. पाण्याची खोली साधारण १५ मीटर, त्यामुळे सर्वांत मोठी जहाजं पूर्ण भरून येणं अवघड.

भारताचा माल बदलण्याचा बराचसा धंदा वर्षानुवर्षं कोलंबो, सिंगापूर, पोर्ट क्लँगकडे गेला. मे २०१८ मध्ये निर्यात-आयातीचे कंटेनर भारतीय बंदरांमध्ये नेण्याची परदेशी जहाजांना सवलत मिळाली. केरळात विळिंजमला जुलै २०२४ मध्ये पहिलं मदर जहाज लागलं आणि २ मे २०२५ ला बंदराचं लोकार्पण झालं. तिथे नैसर्गिक खोली आहे आणि आंतरराष्ट्रीय वाट दहाएक सागरी मैलांवर. पालघरमधल्या वाढवणला केंद्राने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याची जमेची बाजू सुमारे २० मीटरची खोली. पण जाळ्याच्या नकाशावर जी नुसती एक नवी गाठ आहे, ती डहाणूच्या मच्छीमारांची मासेमारीची जागा आहे. त्यांचा विरोध ‘विकासाला विरोध’ म्हणून उडवून लावणं बरोबर नाही.

हवाई बाजूला मुंबईची अडचण जागेची. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच चालते. छोट्या अंतराचं विमान दिवसाला चार-सहा फेऱ्या करतं. सकाळी मुंबईत चुकलेली अर्धी घटका संध्याकाळी नागपूर, इंदूर, कोचीपर्यंत पोचते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत.

विमानातून माल किती जातो?

वजनाच्या हिशेबात जगाच्या व्यापाराच्या एक टक्क्याहूनही कमी, पण किमतीत सुमारे एक तृतीयांश. वजनाने ८० टक्क्यांहून जास्त माल समुद्रातून जातो. हवाई मालापैकी साधारण निम्मा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. म्हणूनच २०२० मध्ये प्रवासी विमानं थांबली तेव्हा मालाची भाडीही भडकली.

रोग आणि परके जीव यांच्याशी या जाळ्यांचा काय संबंध?

रोग विमानाने फिरतो. २०१३ मध्ये ब्रॉकमन आणि हेल्बिंग यांनी दाखवलं की साथ किती दिवसांत पोचेल हे किलोमीटरवर ठरत नाही, प्रवाशांच्या ओघावर ठरतं. ज्या शहरातून तुमच्याकडे येणारा वाटा मोठा, ते ‘जवळचं’.

जहाज जीव नेतं, तोल सांभाळायला भरलेल्या बॅलास्ट पाण्यातून आणि बुडाला चिकटून. कॅरिबियन बाजूची मायटिलॉप्सिस सॅलेई ही शिंपली अशीच विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबई बंदरात येऊन बसली. २०१३ च्या एका अभ्यासात धोका सर्वांत जास्त निघाला तो ८,००० ते १०,००० किलोमीटरच्या मध्यम अंतरावर: फार जवळचे जीव आधीच इथे असतात, फार लांबचे टाकीतच मरतात. बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. समुद्रात पाणी बदलायचं तर शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल दूर, २०० मीटर खोलीवर आणि किमान ९५ टक्के बदलायचं, असा नियम. आता बहुतेक जहाजांना प्रक्रिया यंत्रणाच लावावी लागते.

हवाई जाळं स्वतः मोजून पाहायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

‘ओपनफ्लाइट्स’चा मोफत साठा घ्या. मार्गांच्या फाइलमध्ये ३,३२१ विमानतळांमधले ६७,६६३ मार्ग आहेत. लक्षात ठेवा, तो साठा जून २०१४ नंतर अद्ययावत झालेला नाही. त्यात गोव्याचं मोपा सापडणार नाही.

१. कोडशेअरचा रकाना भरलेला असेल त्या ओळी गाळा. नाहीतर एकच विमान तीन कंपन्यांच्या नावाने तीनदा मोजलं जातं.

२. एकाच शहरातली विमानतळं एकत्र करायची की नाही, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. लंडनची सहा वेगळी ठेवली तर हीथ्रोहून आणि ल्युटनहून जाणाऱ्या वाटा एकमेकींना भेटतच नाहीत.

३. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या नेटवर्कएक्स या साधनात जाळ्याचा आलेख (ग्राफ) बनवा, सर्वांत मोठा जोडलेला तुकडा काढा आणि सरासरी टप्पे त्यावरच मोजा.

४. वजन देऊन बिटवीननेस काढताना फेऱ्यांची संख्या तशीच देऊ नका. तिथे वजन म्हणजे अंतर समजलं जातं, त्यामुळे जास्त फेऱ्यांचा मार्ग ‘लांब’ ठरतो. एक भागिले फेऱ्या असं द्या. ही चूक फार होते आणि उत्तर पाहून सहज कळत नाही.

आणि जहाजांचं?

ते बरंच किचकट. वेळापत्रकाऐवजी एआयएस संदेशांवरून, म्हणजे जहाजावरचं यंत्र आपोआप पाठवतं त्या ओळख आणि जागेच्या रेडिओ संदेशांवरून, सुरुवात करावी लागते. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांवर हे यंत्र सक्तीचं आहे. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा सांगतं, नांगरलेलं दर तीन मिनिटांनी.

जहाज ओळखायला एमएमएसआय क्रमांक वापरू नका. ध्वज बदलला की तो बदलतो. सात आकडी आयएमओ क्रमांक जन्मभर तोच राहतो, आणि तो खरा आहे का हे कागदावर तपासता येतं. एव्हर गिव्हनचा ९८११००० घ्या. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा: ६३ + ४८ + ५ + ४ + ० + ० = १२०. बेरजेचा शेवटचा आकडा ० आणि क्रमांकाचा सातवाही ०. जुळलं. न जुळणाऱ्या ओळी सरळ बाजूला काढा.

पुढचं बंदर कोणतं, हा रकाना अधिकारी हाताने भरतात. न्हावा शेवा तिथे पाच-सहा स्पेलिंगांनी दिसतं, कधी नुसतं मुंबई म्हणून, कधी मागच्याच फेरीचं नाव राहून गेलेलं. त्यावर विसंबू नका. बंदराभोवती कुंपण आखा आणि जहाज त्यात काही तास अर्ध्या नॉटखाली राहिलं तरच ‘लागलं’ असं धरा. कुंपण धक्क्यापुरतं ठेवा. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा एकाच खाडीत समोरासमोर आहेत. कुंपण सैल ठेवलं की दोघांची जहाजं एकमेकांत मिसळतात, आणि नांगरून वाट पाहणारी जहाजंही आत मोजली जातात. फुजैरा, सिंगापूर, जिब्राल्टर इथे पुष्कळ जहाजं नुसतं इंधन भरायला थांबतात. माल न हलवता झालेले हे थांबे वेगळे काढण्यासाठी आधीचा आणि नंतरचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती मीटर बुडालं आहे तो आकडा, ताडून पाहा. पण ड्राफ्टही हातानेच भरलेला असतो, तेव्हा दोन्ही वेळा तोच आकडा दिसला म्हणून माल हललाच नाही असं लगेच समजू नका.